परतीचं पाणी

सभागृहात भाषण रंगात आलं, निदान बोलणाऱ्याला तसं वाटायला लागलं, की माझ्या टेबलावरचा इंटरकॉम वाजायचा.

"कोन बोलून राहिलं वं ताई?"

मी नाव सांगायची. कधी एखादे माजी कुलगुरू, कधी आजी आमदार, कधी विमानाने आणलेले विचारवंत. पलीकडून समाधानाचा हुंकार यायचा.

"पाडला त्यानं कार्यक्रम. मानसं उठून राहिले. पाह्य बरं दरवाज्याजवळ."

मी जाऊन दाराच्या काचेतून बघायची. मागच्या रांगांमधली माणसं खरंच कमरेत वाकून, बंद मोबाइल कानाला लावून, फार महत्त्वाचा निरोप आल्याच्या चेहऱ्याने बाहेर निघालेली असायची. आणि हे सांगणारा माणूस तळघरात, जिथे भाषण ऐकू येत नाही आणि श्रोते दिसत नाहीत.

आधी मला वाटलं, पहारेकरी त्यांना खबर देत असेल. मग एकदा त्यांनीच खाली बोलावून दाखवलं. सभागृह गार ठेवणारं मोठं यंत्र, म्हणजे चिलर, तळघरात होतं. ते पाणी गार करायचं. गार पाणी पाइपातून वर जायचं, सभागृहातली उष्णता घ्यायचं आणि थोडं तापून खाली परत यायचं. त्या परतीच्या पाइपावर एक काटा होता. सभागृह गच्च भरलेलं असलं की काटा वर, माणसं उठून गेली की हळूहळू खाली. यात चमत्कार काही नव्हता. त्या काट्याकडे बघत बसण्याचा आणि त्यातून वाङ्मयीन निष्कर्ष काढण्याचा उद्योग मात्र त्यांचा एकट्याचा होता.

"मानूस म्हंजे शेगडी हाय," ते म्हणाले. "शेगडी बसली, पानी तापलं. शेगडी उठली, पानी थंडं. भाषन कसं झालं ते पेपरात काहून वाचता तुम्ही? मले विचारा ना."

त्यांचं कागदोपत्री पद वेगळंच काहीतरी होतं, पण सगळे त्यांना फोरमन म्हणायचे. आमच्या संस्थेत फोरमन नावाचं पद कधीच नव्हतं. धरमपेठेतलं हे सभागृह एका विश्वस्त मंडळाचं आहे, आणि त्याच्या तारखा देणं-घेणं हे माझं काम. हे काम केलेला माणूस समारंभाला फुकट बोलावलं तरी जात नाही. मी इतके सत्कार पाहिले आहेत की शालीच्या घडीवरून मला दुकान ओळखता येतं. अशा नोकरीत थकवा हा अंगात नसतो, कानात असतो. म्हणून असेल, पण तळघरातला तो खरखरीत आवाज मला बरा वाटायचा. खुशीत असले की ते मला ताई म्हणत, चिडले की मॅडम. दिवस कसा जाणार ते सकाळच्या पहिल्या हाकेतच समजायचं.

फोरमनना थंडी सोसत नसे. नागपूरच्या मे महिन्यात, रस्त्यावर डांबर पायाला चिकटत असताना, हा माणूस गळ्याला मफलर गुंडाळून कामावर यायचा. सभागृहात तर ते कधी बसलेच नाहीत. का, असं विचारलं तर म्हणायचे, "वर फार थंडी असते." ती थंडी त्यांनीच केलेली असते हे मी लक्षात आणून दिलं, तेव्हा ते माझ्यावर मॅडम होऊन घसरले.

"थंडी कोनी बनवत नाही मॅडम. थंडी नावाची चीजच नाही जगात. गरमी असते, ते उचलून दुसरीकडे नेऊन टाकाव लागते. इथून उचला, गच्चीवर नेऊन टाका. हमाली हाय ही. हमालानं गोदामात बसून जेवाव काय?"

या वाक्याचा माझ्यावर परिणाम झाला होता. पुढे कितीतरी दिवस मी वर कुठलंही उद्घाटन बघितलं की मला वाटायचं, इथे नवीन काही होत नाहीये, इथलं उचलून तिथे टाकणं चाललंय.

आता, त्यांचा काटा कायम बरोबर असायचा असं समजू नये. एका जानेवारीत गाण्याची मैफल होती. फोन आला, "खाली झाला हॉल. गवई पाडला." मी दाराशी गेले तर पाय ठेवायला जागा नव्हती, लोक पायऱ्यांवर बसले होते. झालं होतं असं, की आयोजकांनी बाजूची सगळी दारं सताड उघडली होती आणि बाहेरची गारठलेली हवा आत येत होती. दुसऱ्या दिवशी मी हे त्यांना सांगितलं. वाटलं, चूक कबूल करतील. त्यांनी मफलर सारखा केला आणि म्हणाले, "असतीन मानसं. गरम नव्हते."

चूक कबूल न करणं हा गुण आमच्या संस्थेत फक्त पदाधिकाऱ्यांकडे असतो. फोरमन त्याला अपवाद होते.

पदाधिकाऱ्यांमध्ये मुख्य म्हणजे आमचे कार्यवाह. निवृत्त प्राचार्य. त्यांना सगळे सर म्हणतात, त्यांच्या पत्नीसुद्धा. माणूस वाईट नाही. त्यांना फक्त माइक दिसला की राहवत नाही. पाहुण्यांची ओळख करून देताना ते इतकं बोलतात की पाहुण्यांना स्वतःबद्दल सांगायला काही उरत नाही. फोरमन आणि सर यांचं भांडण कधीच झालं नाही, कारण सर बोलत आणि फोरमन ऐकत नसत. यंत्राच्या आवाजाने त्यांचे कान थोडे गेले होते, पण किती गेले होते हे समोर कोण आहे त्यावर ठरायचं.

दसऱ्याला सरांना यंत्राची पूजा करायची असे. विश्वस्त, फोटोग्राफर, झेंडूचे हार, अक्षता, कुंकू असा सगळा लवाजमा तळघरात उतरायचा. पहिल्या वर्षी पाकळ्या आणि तांदूळ कुठेकुठे गेले ते निस्तरायला फोरमनना पुढचा आठवडा लागला. दुसऱ्या वर्षी त्यांनी अडगळीतला एक जळालेला पंप काढला, त्याला हिरवा रंग मारला, एका चौथऱ्यावर बसवला, वर दिव्यांची माळ सोडली आणि सरांना सांगितलं, "हे मेन हाय." तेव्हापासून सर दरवर्षी मनोभावे त्या मेलेल्या पंपाची पूजा करत आले. गेल्या दसऱ्यालाही केली. फोटो संस्थेच्या अहवालात आहे.

"पाप नाही लागनार?" मी एकदा विचारलं.

"काहून लागन? देव पाहते ना, कुठं काय चालू हाय अन् काय बंद हाय."

फोरमनच्या आयुष्यातली खरी पूजा वेगळी होती. ती वर्षातून एकदा, उन्हाळा चढायच्या आधी यायची.

आमच्या आवारात बोअरचं पाणी आहे आणि ते जड आहे. ज्या नळ्यांतून यंत्राची उष्णता गच्चीकडे नेणारं पाणी फिरतं, त्या तांब्याच्या नळ्यांना आतून क्षाराचा थर धरतो. घरी गिझरला धरतो तसाच. थर वाढला की उष्णता बाहेर जात नाही, यंत्र धापा टाकायला लागतं, आणि ऐन मे महिन्यात, बहुधा एखाद्या मंत्र्याच्या भाषणात, बसतं. उपाय एकच. यंत्र बंद करायचं, दोन्ही टोकांची जाड लोखंडी झाकणं खोलायची आणि एकेका नळीतून लांब दांड्याचा ब्रश फिरवून ती घासून काढायची. नळ्या शेकड्यांनी. ॲसिड फिरवलं तर काम लवकर होतं, पण ॲसिडचं नाव काढलं की फोरमन मॅडमवर यायचे. "ते आळशी मानसाचं काम हाय. क्षाराच्या संग तांबं खाते ते."

त्या दिवशी ते नटायचे. एरवी मळकट खाकीत वावरणारा हा माणूस साफसफाईच्या दिवशी दाढी गुळगुळीत करून, कडक इस्त्रीची पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि खिशात घडीचा रुमाल अशा थाटात यायचा. मदतनीस चड्डी-बनियनवर, गुडघाभर चिखलात, आणि हे वधूपित्यासारखे मधोमध, हातात ब्रश. नळीतून तपकिरी पाणी भसकन बाहेर यायचं, आणि संध्याकाळी यांच्या शर्टावर एक थेंब नसायचा.

"पोट उघडून राहिलो ना मशीनचं," ते म्हणायचे. "डॉक्टर लुंगीवर ऑपरेशन करते काय?"

घासलेली नळी ते बॅटरी लावून, एक डोळा मिटून पारखायचे. पलीकडच्या टोकाला मदतनिसाला उभं करून ओरडायचे, "दिसून राहिलो का गा मी?" तो म्हणायचा, "दिसता." मग पुढची नळी. दिवसभर तळघरातून तेच ऐकू यायचं. "दिसून राहिलो का गा?" "दिसता." मला वर बसून ते ऐकताना एक प्रकारची गुंगी यायची. वर्षातले तेवढेच दिवस इमारतीत कोणी कोणाला खरं काहीतरी विचारत होतं आणि खरं उत्तर मिळत होतं.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले, हुडकेश्वरला, मुलीच्या लग्नाच्या जेवणाला. अंगणात कूलर होता आणि त्याच्या टाकीत शेवाळ साठलेलं. त्यांच्या बायकोने माझी नजर पकडली. "पाह्यलं ना? तिथली मशीन घासाले हा मानूस सजून जाते. घरच्या कूलरची टाकी म्हटली का कंबर दुखते याची." फोरमन शेजारीच उभे होते. त्यांना त्या वेळी काहीच ऐकू आलं नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या आधीची दोन वर्षं ही साफसफाई झालीच नाही. पहिल्या वर्षी एका अधिवेशनासाठी तारखा दिल्या गेल्या, दुसऱ्या वर्षी एका महोत्सवासाठी. वरवर गच्चीवरचा, तापलेलं पाणी निववणारा टॉवर धुतला, जाळ्या झटकल्या, एवढंच. फोरमननी विश्वस्तांच्या बैठकीत जाऊन बाजू मांडायची ठरवली. बोलणं त्यांना जमणार नव्हतं, म्हणून त्यांनी नळीच्या तोंडाशी खरवडून काढलेल्या क्षाराच्या कपच्या एका बशीत घालून टेबलाच्या मधोमध ठेवल्या. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी खडीसाखर समजून एक तुकडा तोंडात टाकला. बैठकीचा उरलेला वेळ त्यांना पाणी देण्यात गेला आणि विषय पुढे ढकलला गेला.

खाली आल्यावर फोरमन माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. ते सहसा बसत नसत.

"मले काही नाही पाहिजे ताई," ते म्हणाले. "एकदा खोलून, घासून, साफ मशीन देऊन जातो मी. गंदी मशीन सोडून नाही जायचं. पुढं कोन येते, काय करते, पाहाले मी नाही राहनार. पन माह्या हातून गंदी नाही गेली पाहिजे."

तिसरं वर्ष त्यांचं शेवटचं होतं. एप्रिलअखेर ते जाणार. मार्च गेला, एप्रिल निम्मा सरला, तारखा सगळ्या भरलेल्या. मग एके दिवशी सरांनी मला बोलावून महिनाअखेरचे दोन दिवस दाखवले आणि म्हणाले, "हे दोन दिवस कुणालाही द्यायचे नाहीत. रिकामे ठेवा. कारण विचारू नका." आणि हसले.

सर हसले याचा अर्थ मी चांगला घेतला. मला वाटलं, उशिरा का होईना, माणसाला पाझर फुटला. मी खाली जाऊन फोरमनना सांगितलं. त्यांनी काट्यावरची नजर काढली नाही, पण मफलर सोडला आणि पुन्हा बांधला.

"दोन दिवस बस झाले," ते म्हणाले. "पुरून जाईन."

त्यातल्या पहिल्या दिवशी सकाळी ते पांढऱ्या कपड्यांत आले. पहिल्या पाळीतच झाकणं खोलली. आतलं दृश्य मी पाहिलं. एरवी जिथून आरपार उजेड दिसायचा, तिथे नळ्यांची तोंडं म्हाताऱ्याच्या शिरांसारखी आखडलेली होती. फोरमननी ब्रश घेतला आणि पहिल्या नळीत घातला. थोड्या वेळाने ओळखीचं सुरू झालं. "दिसून राहिलो का गा?" "नाही दिसत." पुन्हा ब्रश. "आता?" "जरासे."

दुपारी, ऊन नुसतं जाळत असताना, फाटकात फुलवाल्याचा टेम्पो आला. मागून मंडपवाला. मी धावत बाहेर गेले, म्हटलं पत्ता चुकलाय. त्याने एक लांबलचक फ्लेक्स उलगडून दाखवला. त्यावर फोरमनचा फोटो होता. ओळखपत्रावरचा फोटो इतका मोठा केलेला, की मिशीचा एकेक केस मोजता यावा, पण माणूस ओळखू येऊ नये. खाली 'कृतज्ञता सोहळा' आणि त्याखाली, त्यांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत, प्रमुख पाहुण्यांचं नाव.

दोन रिकाम्या दिवसांचं रहस्य हे होतं. एक बडे पाहुणे शहरात येणार होते. त्यांना व्यासपीठ हवं होतं आणि व्यासपीठाला निमित्त. सरांनी निमित्त शोधलं आणि ते आनंदाचा धक्का म्हणून सगळ्यांपासून लपवून ठेवलं. कर्मचाऱ्यांना संध्याकाळी सहकुटुंब या, असे निरोप त्याच दुपारी गेले होते. ज्याचा सोहळा त्याला आणि जिने तारीख द्यायची तिला, एवढ्या दोघांनाच काही माहीत नव्हतं.

सर आले, तळघरात उतरले, आणि पांढऱ्या कडक कपड्यांतल्या फोरमनना बघून त्यांचा चेहरा पडला.

"अरे! म्हणजे तुम्हाला कळलं होतं तर! तयार होऊनच आलात!"

मग त्यांची नजर उघड्या यंत्राकडे गेली.

"हे काय चाललंय?"

"सफाई," फोरमन म्हणाले.

सरांना परिस्थिती समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ते जितकं मऊ बोलता येईल तितकं मऊ बोलले. "हे पहा, झालं ते झालं. आता झाकणं लावून टाका. संध्याकाळपर्यंत यंत्र सुरू होईल ना? उरलेलं नंतर करू."

"नंतर कधी?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात वरचा तारखांचा फळा बघितला. मे महिन्यात एकही चौकट रिकामी नव्हती, आणि मेमध्ये फोरमन नव्हते.

"अर्ध्या नळ्या झाल्या," फोरमन म्हणाले. "झाकन लावलं, चालू केली, तर होऊन जाईन चालू. तुमचा कार्यक्रम थंडा होईन. पन मंग हे झाकन पुन्हा नाही खुलनार. मले माहीत हाय, तुमाले बी माहीत हाय."

"अहो, पण सत्कार तुमचा आहे!"

"मंग मले विचारा ना, काय पाहिजे ते."

सरांनी विचारलं नाही. इतक्या वर्षांत सत्कारमूर्तीला काय हवं ते विचारण्याचा प्रघात आमच्याकडे नव्हता, आणि प्रघात एका दुपारी पडत नाही. ते घाम पुसत वर गेले. फोरमन वळले आणि म्हणाले, "कोनती नळी होती गा?"

सोहळा झाला. सर कार्यक्रम रद्द करणाऱ्यांपैकी नाहीत. संध्याकाळी साडेसहालाही बाहेरच्या भिंती तापलेल्या होत्या आणि आत, बंद डब्यासारख्या त्या सभागृहात, चार उभे पंखे आणून लावले होते. ते व्यासपीठाकडे तोंड करून होते. सत्कारमूर्तीची खुर्ची मधोमध, रिकामी. प्रमुख पाहुण्यांनी आयुष्यातलं बहुधा सर्वांत आटोपशीर भाषण केलं आणि दुसरा कार्यक्रम असल्याचं सांगून ते निघाले. त्यांच्या मागोमाग पुढच्या सोफ्यांवरचे विश्वस्त त्यांना सोडायला म्हणून गेले आणि सोडून परत आले नाहीत. सरांनी मात्र मानपत्र पूर्ण वाचलं. "ज्यांनी आपल्या शीतल सेवेने रसिकांच्या मनावर चंदनाचा लेप दिला," हे वाक्य वाचताना त्यांच्या नाकावरून घामाचा थेंब कागदावर पडला आणि शाई पसरली. मग त्यांनी शाल खुर्चीला पांघरली, नारळ खुर्चीवर ठेवला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बरेच सत्कार पाहिले आहेत. सत्कारमूर्तीने इतकी शांतता राखलेला तो एकच.

शाल आणि नारळ खाली पोचवायचं काम माझ्याकडे आलं. तळघरात उकाडा वरच्यापेक्षा कमी होता. फोरमन शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून वरच्या ओळी घासत होते. शर्टावर डाग नव्हता, पण तो अंगाला चिकटलेला होता. मी शाल पुढे केली. त्यांनी ती बोटांत धरून चोळली.

"पुसाच्या बी कामाची नाही," ते म्हणाले. "धागे सुटतात. नळीत जातीन. जुनं धोतर असन तर दे." नारळ त्यांनी मदतनिसांना दिला. त्यांनी तो लोखंडी झाकणावर आपटून फोडला. माझ्या माहितीत त्या यंत्रापुढे फुटलेला तो पहिला नारळ.

मी निघाले, तर मागून आवाज आला. काट्याकडे त्यांची पाठ होती. यंत्र बंद, पाणी बंद, काटा कुठेतरी मधेच लोंबत पडलेला. त्याच्याकडे बघून आज काही कळण्यासारखं नव्हतं.

"ताई." ब्रश नळीतच होता. "मानसं हाय का वर?"

"आहेत."

"उठले असतीन."

"सोफे रिकामे झाले. मागचे बसलेत. झाडूवाल्या बाया, लाइटवाले, कॅन्टीनवाला, तुमच्या घरचे. सगळे पत्रिकेने वारा घेत बसलेत."

"इतक्या गरमीत? काहून?"

"काही जण तुमच्याबद्दल बोलतायत. माइक बंद करून सर गेले, तरी बोलतायत."

त्यांनी दांड्यावरची पकड बदलली. "जेवन काय हाय?"

"पाटवडी-रस्सा."

"मंग त्यासाठी बसले असतीन," ते म्हणाले, आणि ब्रश फिरवायला लागले. पण पुढची नळी पारखताना त्यांनी जे ओरडून विचारलं, त्यात आवाज जरा फाटला. "दिसून राहिलो का गा?"

"दिसता," मदतनीस पलीकडून म्हणाला. "साफ दिसता."

आता ते काम एका कंपनीकडे आहे. नावाची टी-शर्टं घातलेली मुलं येतात, ॲसिड फिरवतात, यंत्रावर एक चकचकीत स्टिकर लावून जातात. तळघरात कोणी बसत नाही. इंटरकॉम वाजत नाही. भाषण कसं चाललंय हे आता मला भाषण ऐकूनच ठरवावं लागतं, आणि या वयात ते जड जातं. सरांनी फोरमनच्या जागी पडदा लावून घेतलाय, त्यावर आकडे दिसतात. त्या आकड्यांवरून कोणी काही म्हटल्याचं माझ्या कानावर नाही. हिरवा पंप चौथऱ्यावर आहे. दसऱ्याला त्याची पूजा होते. मी कोणाला काही सांगितलेलं नाही.

त्या सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, झाकणं बसली. यंत्र सुरू झालं. दोन वर्षं धापा टाकणारं ते धूड एकसुरात घुमायला लागलं. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. मग फोरमन वर आले. स्वच्छ खाकी, गळ्यात मफलर.

"हॉल खाली हाय ना ताई?"

"आज काहीच नाही."

"मंग एक काम कर. तू खाली जाऊन काट्यापाशी उभी राह्य. मी वर बसतो."

"तुम्ही? वर?"

"एक मानूस बसला तं काटा किती हालते, पाह्यचं होतं मले. इतके वर्सं झाले, कधी पाह्यलंच नाही. मी खाली असतो तं वर कोन बसन, अन् मी वर बसलो तं खाली कोन पाहीन?"

मी खाली गेले. त्यांच्या स्टुलावर बसले. समोर परतीचा पाइप, त्यावर घाम फुटलेला, आणि काटा. काही वेळाने इंटरकॉम वाजला. ते व्यासपीठाजवळच्या फोनवरून बोलत होते. रिकाम्या सभागृहात आवाज घुमत होता.

"बसून राहिलो मी. मधल्या रांगेत. पाह्य."

मी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काच बोटाने पुसून, जवळ जाऊन पाहिलं. नंतर फोन पुन्हा वाजला.

"किती हालला वं ताई?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. पण त्या तळघरात बसून खोटं बोलायची मला सवय नव्हती.

"काहीच हलला नाही हो. जिथे होता तिथेच आहे."

पलीकडून गार हवा वाहत असल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी घसा साफ केला. आवाजात जुनाच समाधानाचा हुंकार होता.

"एका शेगडीची गरमी तशीच उचलून नेली म्हंजे. मंग बराबर साफ झाली मशीन," ते म्हणाले. "बसतो जरा. थंडी चांगली हाय इथं."